लाल रेघ
दिवाळीला माजरीच्या कोळसा खाणीतून घरी आलेल्या प्रफुलने आईच्या टीव्हीला सिनेमे दाखवणारं बोटाएवढं यंत्र लावून दिलं. खातं त्याचंच होतं. तो तिकडे खोलीवर मोबाइलमध्ये जो सिनेमा अर्धवट सोडे, तो सावली गावातल्या घरच्या टीव्हीवरही दिसे, आणि किती बघून झाला ते खालची लाल रेघ सांगे. त्याची आई मैनाबाई तलावावरून आली की मासळीची टोपली उतरवून टीव्ही लावायची, रेघ कालच्यापेक्षा सरकलेली पाहायची आणि बंद करायची. शेजारच्या रीताला राहवलं नाही. "काकू, पोरानं एवढं महागाचं आणून देलं, अन् तुम्ही एकही पिच्चर पाहत नाई काऊन?" "मी पाहीन त रेघ माह्यामुळंच सरकन. मंग पोरगा खाणीतल्या पाळीवरून वापस आला, हे मले कसं समजन?" मैनाबाई म्हणाली. "गळाची दोरी हालली, का समजते पाण्यात जीव आहे." संक्रांतीला प्रफुल दोन दिवस आला. निघायच्या दिवशी जेवता जेवता त्याने खोलीवर अर्धा राहिलेला सिनेमा लावला. मायलेक पहिल्यांदाच सोबत पाहत होते. रेघ टोकाला पोचायला बोटभर उरली, तशी मैनाबाईने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "काऊन बंद केला आई? शेवटच त राह्यला होता!" तिने त्याच्या डब्यात तळलेले मासे भरले, झाकण घट्ट दाबलं. "तो तिथी जाऊन पाहजो. पोचल्याबरोबर."