खड्ड्यातली लोकर

नात्यातल्या लग्नाहून परतताना माणदेशात गाडी पंक्चर झाली. नवरा चाक बदलत होता, तोवर वैजयंती पाय मोकळे करायला माळावर गेली. तिथं एक धनगरीण खड्ड्यात पोतं रिकामं करत होती. आत काळ्या लोकरीचा ढीग पडला होता.

वैजयंती जागीच थबकली. पुण्यात ती स्वेटर विणून विकायची. प्लास्टिकचा धागा सोडायचा, मातीत मिसळून जाईल अशीच लोकर वापरायची, असं ठरवून तिनं दोन महिने शोध घेतला होता आणि शेवटी ती न्यूझीलंडहून मागवली होती.

“मावशी, ही टाकून का देताय?”

“मग काय करू, बाई? उन्हाळ्याआधी मेंढरं कातरावीच लागत्यात. आधी सनगर लोक घोंगडी विणायला न्यायचे. आता घोंगडं कोन घेतंय? चार वर्सं झाली, मातीतच घालतोय.”

 इथून चार तासांवर बसून वैजयंती साऱ्या जगातल्या मेंढ्या धुंडाळत होती. तिनं खाली वाकून मूठभर लोकर उचलली आणि बोटांत वळून पाहिली. राठ होती, पण पीळ धरत होती. बाळाच्या अंगाला टोचली असती, जाकिटाला मात्र चालली असती.

“माती लोटू नका,” म्हणत ती पैठणीचा ओचा खोचून खड्ड्यात उतरली.

धनगरीण बघतच राहिली. “अवो, लुगडं खराब हुईल,” म्हणाली, आणि मग तीही खाली उतरली.

त्या थंडीत वैजयंतीनं विणलेली सगळी जाकिटं काळी होती.