अवनीच्या नावापुढचे स्टिकर

जयपूरला बदली झाल्यापासून सहा वर्षांची अवनी ऊठसूट भोकाड पसरू लागली, तेव्हा तिच्या आईने, आसावरीने, मुलांना वळण लावायचा ऑनलाइन वर्ग लावला. रडण्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, मूल गप्प झालं की लगेच बक्षीस द्यायचं, असं तिथे शिकवलं. आसावरीने फ्रिजवर तक्ता चिकटवला. रडं थांबलं की एक स्टिकर, पाच स्टिकर झाले की तिथल्या घेवर मिठाईचा तुकडा.

महिन्याभरात अवनीच्या नावापुढे जागा उरली नाही. आसावरीने तक्त्याचा फोटो प्रताप नगरातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकला आणि कुणी विचारलं नसताना चौघींना सल्लेही दिले. पाचवा सल्ला टाइप करत असताना तिला स्वयंपाकघरातून धाकट्या निहारचा आवाज आला. तो बिचारा मुळातच शहाणा, त्याच्या नावापुढे एकही स्टिकर नव्हता.

“ताई, मी तर रोज शांतच असतो. मला का नाही मिळत?”

 

“नुसतं शांत बसून काही नाही मिळत रे. पहले जोरात रडायचं, मतलब आईला ऐकू जाईल इतकं, मग चुप व्हायचं.”