अंगठीचा दोरा

सुमतीबाईंनी नवऱ्याच्या ताटात अर्धीच भाकरी वाढली आणि त्यांच्या बोटातल्या, दवाखान्याने दिलेल्या अंगठीकडे पाहिलं. आकडा रोजच्यासारखाच हिरवा होता. येत्या वर्षात मृत्यूचा धोका, शंभरात चार.

भालचंद्ररावांची साखर पंधरा वर्षं कधी आटोक्यात आली नव्हती. म्हणून दिवाळीपासून सुमतीबाईंनी डाळ, दूध, अंडी सगळ्यालाच कात्री लावली होती. "काय मस्त बारीक झालात!" असं गल्ली कौतुक करत होती.

तेवढ्यात अंगठी तपासायला आलेली नर्स ती त्यांच्या बोटातून काढताच दचकली.

"हा दोरा कशाला गुंडाळलाय?"

"सैल झाली होती हो. संक्रांतीला मोरीत पडता पडता वाचली."

"काकू, कातडीला टेकली नाही तर ही जुनाच आकडा दाखवत राहते!"

तिने दोरा कापला. बोटांतून निसटणारी अंगठी आता अंगठ्यातच काय ती घट्ट बसली. आकडा लाल झाला. शंभरात एकाहत्तर.

"साखर आहे तेवढीच आहे," नर्स हळू आवाजात म्हणाली. "अंगावरचं मांस मात्र गेलंय."

सुमतीबाईंनी उरलेली भाकरी, वरण, सगळं ताटात वाढलं. "खा हो. पोटभर खा."

भालचंद्ररावांनी ताट बाजूला सारलं.

"अगं, महिना झाला," ते म्हणाले, "मला भूकच लागत नाही."