थेल्माचा आवाज

थेल्मा विगिन्सला पडद्यावर आजवर स्वतःचा आवाज मिळालेला नव्हता. विनोदी चित्रपटांत ती नुसती मुरडत असे, भयपटांत किंचाळत असे. तिचा ब्रॅडफर्डचा हेल नको म्हणून वाक्ये मात्र दुसरीच बाई म्हणत असे. आज तिने हट्टाने स्वतःचे वाक्य स्वतः म्हणण्याची एक संधी मिळवली होती.

"बाईसाहेब, एवढं एकच वाक्य ओठांशी जुळवा," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक आल्फ म्हणाला. "नाहीतर तुमची वाक्यं म्हणणारी निर्मात्यांची लाडकी बाहेर चहा ढोसत बसलीच आहे."

फितीचा तुकडा टोकाला टोक जोडून फिरत होता, त्यामुळे तेच मूक दृश्य पुनःपुन्हा येत होते. पडद्यावरची थेल्मा शवपेटीतून उठे आणि तिचे ओठ म्हणत, "मला आत घ्या."

पहिल्यांदा थेल्मा मागे पडली. दुसऱ्यांदा तिने घाई केली, तेव्हा पडद्यावरचे ओठ थांबून राहिले. तिसऱ्यांदा पडद्यावरच्या बाईने आधी तिच्याकडे रोखून पाहिले, मगच ओठ हलवले.

"आल्फ, फीत बदललीस का रे?"

"तीच आहे, पोरी. चल, आता शेवटचं."

चौथ्यांदा थेल्माने भीतीने ओठ घट्ट मिटून घेतले. पडद्यावरची बाई सावकाश बोलली, आणि या वेळी तिचा आवाज ऐकू आला.

"शाब्बास!" आल्फ ओरडला. "अक्षर न् अक्षर जुळलं. हाच आवाज ठेवतो."