एक कप सगळ्यांबरोबर

प्राचार्य मॅडमनी एकोणतीस वर्षं कॉलेज एकहाती सांभाळलं. गळक्या दोन खोल्यांची तीन मजली इमारत झाली, पण त्यांचा चहा मात्र रोज केबिनमध्येच यायचा, झाकण ठेवलेल्या एकाच कपात. "या ना स्टाफरूममध्ये" असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही, आणि आपण होऊन जाणं त्यांना पदाला शोभेसं वाटलं नाही.

आज निरोपाची भाषणं झाली, फोटो झाले. गाडीपाशी पोचल्यावर मॅडमच्या मनात आलं, आता काही आपण कुणाच्या वरिष्ठ नाही, एक कप सगळ्यांबरोबर घेऊनच जावं. त्या जिना चढून परत वर आल्या.

स्टाफरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, ग्रंथपाल त्यांचीच नक्कल करत होते.

"काय हो सर, घड्याळ शोभेला बांधलंय का?"

आत हशा पिकला.

"अहो, भुवई राहिली!" इतिहासाच्या बाई हसता हसता ओरडल्या. "डावी! मॅडमची डावी चढायची!"

खरं तर मॅडमना राग यायला हवा होता. पण ग्रंथपालांची भुवई काही केल्या एकटी चढेना, दोन्ही मिळून टकलापर्यंत पोचल्या, आणि मॅडमना हसू आवरेना. तोंडावर हात दाबला तरी ते फुटलंच, अगदी खळखळून.




आत खटाखट खुर्च्या सरकल्या, आणि सगळे चिडीचूप उभे राहिले.