काळ्या खिंडीतले चौघे

उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून चाळीस वर्षांपूर्वी आणलेली ती जाडजूड कादंबरी यशोधराबाई दर उन्हाळ्यात नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत. शापित मुकुट नष्ट करायला निघालेल्या चौघांची ती गोष्ट दोघांनाही कधी जुनी वाटली नाही. यंदा डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हणून सांगितलं, तेव्हा हेंद्रेपाड्याला परतताना किसनराव रिक्षात म्हणाले, "यशू, एवढी एकदा शेवटपर्यंत ऐकतो. मग मी जायला मोकळा."

तेव्हापासून यशोधराबाई रोज दुपारी कालचीच पानं परत वाचू लागल्या. महिना झाला, चौघे काळ्या खिंडीतून पुढे सरकले नव्हते.

"हे काल झालं ना गं?"

"काल तुम्ही घोरत होता. मी काय भिंतीला ऐकवलं?"

किसनराव नुसते हसले.

आज पेज घेऊन त्या खोलीच्या दारात आल्या, तर आतून नवऱ्याचा संथ आवाज येत होता. पुस्तक तर त्यांनी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे लपवलेलं होतं.



डोळे मिटून किसनराव शेवटचं प्रकरण तोंडपाठ म्हणत होते, आणि आता जेमतेम अर्धं पान उरलं होतं.