सात वर्षांचं वांझपण

शेवंता सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. कॅन्सरच्या इंजेक्शनांनी उंदरांच्या शुक्रपेशी कशा मरतात, यावर सहा वर्षं राबून तिनं १९७६ साली प्रबंध दिला. तो टाइप करून दिला तिच्या नवऱ्यानं, बाळासोनं.

त्याच उन्हाळ्यात सासू केराबाई माळशिरसहून भवानी पेठेतल्या बिऱ्हाडी आल्या.

"बाळासोचं दुसरं लगीन ठरवलंय. लग्नाआदी मुंबईत कॅन्सरची इंजेक्शनं घेतली, तवाच लई हाल झालं पोराचं. आता तू वांझ निगालीस. नातवाचं तोंड तरी बघू दे की."

मुंबईच्या इंजेक्शनांचं शेवंता आज पहिल्यांदा ऐकत होती. ती नवऱ्याकडे वळली.

"प्रबंध टाइप करताना तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, मूल होणार नाही," बाळासो खाली बघत पुटपुटला. "आईला कसं सांगायचं?"

"आणि सगळे मला सात वर्षं वांझ म्हणत होते, ते ऐकवत होतं?"





शेवंतानं पायात चपला अडकवल्या. "आत्याबाई, त्या पोरीचं गाव सांगा. तिच्या आईबापाला मीच सांगून येते."